काळ्या मातीचे पाच आकडे

शेतात पडलेला पाऊस आणि विहिरीतले पाणी यांच्यामध्ये मातीचा आणि मुरमाचा एक थर असतो. त्यातल्या पोकळ्यांत पाणी असते आणि हवाही असते. भूजलशास्त्रात त्याला असंपृक्त थर म्हणतात. पाणीपातळीच्या खाली सगळ्या पोकळ्या पाण्याने गच्च भरलेल्या असतात, तो संपृक्त थर. पावसातले किती पाणी खाली पोचून भूजलात भर घालते, किती पिकाच्या मुळांनी ओढून घेतले जाते, किती नुसते वाफ होऊन उडते, शेतात टाकलेले खत किंवा कीटकनाशक किती खोलवर उतरते, कालव्याच्या पाझराने जमीन चिबड होईल का, या सगळ्या प्रश्नांचा निकाल या मधल्या थरात लागतो. हा थर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचे गणिती मॉडेल करावे लागते. त्या मॉडेलला मातीविषयी पाच-सहा आकडे सांगावे लागतात. ते कसे निवडले, यावर पुढचे उत्तर बहुतांशी ठरून जाते.

असंपृक्त मातीतले पाणी मोकळे नसते, ते कणांनी धरून ठेवलेले असते. पोकळी जितकी अरुंद, तितकी धरपकड घट्ट. काचेची बारीक नळी पाण्यात उभी धरली की पाणी आपोआप वर चढते, तोच हा केशाकर्षणाचा नियम. नळीचा व्यास 3 मिलिमीटर असेल तर पाणी जेमतेम 1 सेंटिमीटर चढते, व्यास 0.03 मिलिमीटर असेल तर सुमारे 1 मीटर. मातीतल्या पोकळ्या म्हणजे लहानमोठ्या अशा असंख्य वाकड्यातिकड्या नळ्याच. त्यांतून पाणी बाहेर काढायला जी ओढ लावावी लागते तिला ताण म्हणतात आणि तो पाण्याच्या उंचीत, म्हणजे सेंटिमीटरमध्ये, मोजतात. ताण मोजण्याचे साधन साधे आहे: पाण्याने भरलेली बंद नळी, तिच्या टोकाला मातीच्या माठासारखा पाझरणारा चिनीमातीचा कप आणि वर दाबमापक. कप मातीत पुरला की कोरडी माती कपातून पाणी ओढते आणि काटा सरकतो. टेन्सिओमीटर नावाचे हे यंत्र सुमारे 800 सेंटिमीटर ताणापर्यंत साथ देते. त्यापुढे नळीतल्या पाण्यात बुडबुडे धरतात आणि काटा खोटे बोलू लागतो.

एखाद्या मातीवरचा ताण हळूहळू वाढवत नेला आणि प्रत्येक टप्प्यावर तिच्यात उरलेले पाणी नोंदवले की जी रेषा मिळते तो त्या मातीचा जलधारण वक्र. वाळूचा वक्र थोड्याशा ताणावरच कड्यासारखा कोसळतो, चिकण मातीचा मात्र लांबलचक उतारासारखा रेंगाळत खाली येतो. शेतकऱ्याला हा वक्र अनुभवाने ठाऊक असतो. जोराच्या पावसानंतर वाळूसर रानात दुसऱ्या दिवशी औत चालते, काळ्या रानात मात्र वाफसा यायला चार-चार दिवस वाट पाहावी लागते. प्रयोगशाळेत वाफशाच्या जवळपासची अवस्था सुमारे 330 सेंटिमीटर ताणावर धरतात, पीक कायमचे कोमेजते ती अवस्था सुमारे 15,000 सेंटिमीटरवर. या दोन टोकांमधली ओल पिकाच्या वाट्याची.

हे पाणी वाहते कसे, याचा पाया फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामात आहे. तिथे आँरी डार्सी या अभियंत्याने वाळूतून जाणाऱ्या पाण्याचे प्रयोग केले आणि 1856 मध्ये आपला नियम प्रसिद्ध केला. तो संपृक्त वाळूचा नियम होता. अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करणाऱ्या एडगर बकिंगहॅम यांनी 1907 मध्ये तो अर्धवट ओल्या मातीला लावला आणि पाणी वाहून नेण्याची मातीची क्षमता, म्हणजे जलवाहकता, ओलीप्रमाणे बदलते हे मांडले. 1931 मध्ये लोरेन्झो रिचर्ड्स यांनी त्याला आज वापरात असलेल्या समीकरणाचे रूप दिले. गणिताने हवामानाचा अंदाज वर्तवण्याचे स्वप्न पाहणाऱ्या लुईस फ्राय रिचर्डसन यांनी 1922 च्या आपल्या पुस्तकात तशाच समीकरणाची मांडणी केली होती, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. समीकरण तयार झाले तरी ते सोडवण्यासाठी प्रत्येक मातीचा वक्र सूत्रात बसवून द्यावा लागतो. रॉयल ब्रुक्स आणि आर्थर कोरी यांनी 1964 मध्ये एक सूत्र दिले. येहेझकेल मुआलेम यांनी 1976 मध्ये वक्रावरूनच जलवाहकतेचा अंदाज काढण्याची रीत दाखवली. मूळचे नेदरलँड्सचे आणि कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेत काम करणारे मार्टिनस व्हॅन गेनुख्टेन यांनी 1980 मध्ये एक गुळगुळीत सूत्र मांडून ते मुआलेमच्या रीतीशी जोडले. जगभरच्या बहुतेक मॉडेलांत आज हीच जोडी चालते. 2023 मध्ये व्हॅन गेनुख्टेन यांना शेतीसाठीचा वुल्फ पुरस्कार मिळाला.

या सूत्रात मातीची ओळख पाच आकड्यांत मावते. पहिला, माती पूर्ण भिजल्यावर तिच्या आकारमानाचा किती हिस्सा पाणी असते. दुसरा, कितीही ताण लावला तरी न निघणारी उर्वरित ओल. तिसरा अल्फा: त्याचा व्यस्त घेतला की साधारण किती ताणावर मोठ्या पोकळ्या रिकाम्या होऊ लागतात ते कळते. चौथा एन: वक्र किती उभा कोसळतो याचे माप, आणि तो नेहमी 1 पेक्षा मोठा असतो. पाचवा, संपृक्त मातीची जलवाहकता. पोकळ्या एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत यासाठी सहावाही आकडा असतो, पण मुआलेम यांनी सुचवलेला 0.5 बहुतेक जण डोळे झाकून ठेवून देतात. या आकड्यांना प्राचल म्हणतात. यांतल्या उर्वरित ओलीकडे फार आदराने पाहण्याचे कारण नाही. ती मातीचा मोजता येणारा गुण कमी आणि वक्र नीट बसावा म्हणून घेतलेला आकडा जास्त असते.

मोजमाप हाताशी नसले की बहुतेकांचा हात तयार तक्त्याकडे जातो. सगळ्यांत वापरला जाणारा तक्ता रॉबर्ट कार्सेल आणि रुडॉल्फ पॅरिश यांचा, 1988 सालचा. अमेरिकेतल्या मातीच्या नोंदींवरून त्यांनी पोताच्या, म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणकणांच्या प्रमाणाच्या, बाराही वर्गांचे सरासरी आकडे काढले. वाळूसाठी अल्फा दर सेंटिमीटरला 0.145, एन 2.68 आणि संपृक्त जलवाहकता दिवसाला 712.8 सेंटिमीटर. चिकण मातीसाठी अल्फा 0.008, एन 1.09 आणि जलवाहकता दिवसाला 4.8 सेंटिमीटर. हायड्रस या लोकप्रिय संगणक-प्रणालीत तो तक्ता आतच बसवलेला आहे. यादीतून मातीचे नाव निवडले की सगळे रकाने भरून येतात. सोय मोठी आहे, आणि धोकाही तिच्यातच आहे.

या आकड्यांत किती काही दडलेले असते ते एका हिशेबातून दिसते. भिजलेली वाळू चिकण मातीच्या सुमारे दीडशे पट वेगाने पाणी सोडते, हे कोणालाही पटेल. आता दोन्हींवर फक्त 1 मीटर ताण लावला. तक्त्यातल्या प्राचलांनी गणित केले तर वाळूत जेमतेम 5 टक्के पाणी उरते, चिकण मातीत साडेछत्तीस टक्के. वाळूच्या मोठ्या पोकळ्या रिकाम्या झाल्या, पाण्याच्या वाटा तुटल्या आणि तिची जलवाहकता दिवसाला सुमारे 0.00002 सेंटिमीटर झाली. केवळ गुरुत्वाच्या ओढीने या वेगात वर्षभरात मिलिमीटरचा दहावा हिस्साही पाणी खाली उतरत नाही. चिकण मातीची जलवाहकता त्याच ताणावर सुमारे 0.02 सेंटिमीटर राहते. भिजलेली असताना जी माती पिछाडीवर होती ती थोडे सुकल्यावर हजारपटीने पुढे गेली.

काळ्या मातीखाली मुरूम असलेल्या रानात याचा अर्थ फार मोठा आहे. वरची काळी बारीक पोकळ्यांची, खालचा मुरूम म्हणजे कुजलेल्या बेसाल्टचा भरड थर. काळीत ओल आहे, पण तिथला ताण मुरमाच्या पोकळ्या भरू देण्याइतका उतरलेला नाही, तोवर पाणी सीमेवर थबकून राहते. मुरूम भरड आहे म्हणून पाणी पटकन निघून जाईल, हा समज अर्धाच खरा. काळी जवळजवळ तुडुंब झाल्यावरच पाणी मुरमात उतरते, आणि मग मात्र झपाट्याने. म्हणून सगळ्या खोलीची सरासरी काढून एकच माती मानणे ही मॉडेलमधली पहिली मोठी चूक असते. प्रत्येक थराला त्याचे स्वतःचे प्राचल हवेत, आणि मुरमाचे तर हवेतच. तक्त्यात मुरूम नावाचा वर्ग नाही. त्याला वाळू म्हणून चालवून घेतात तेव्हा मुरमातल्या दगडगोट्यांनी व्यापलेली जागा पाणी धरत नाही, ही साधी गोष्टही विसरली जाते.

आता काळ्या मातीचेच पाहू. महाराष्ट्राचा फार मोठा भाग दख्खनच्या बेसाल्टवर वसला आहे आणि त्याच्या झिजेतून बनलेल्या खोल काळ्या जमिनीत चिकणकणांचे प्रमाण बहुधा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. पोताचे वर्ग दाखवणाऱ्या त्रिकोणी आलेखात अशी माती सरळ चिकण वर्गात पडते. मॉडेल करणारा यादीतून चिकण माती निवडतो आणि पुढे जातो. तक्ता सांगतो, भिजल्यावर 38 टक्के पाणी. पण ओल्या, फुगलेल्या काळ्या मातीच्या एका घनसेंटिमीटरमध्ये पाणी सोडून नुसती कोरडी माती साधारण 1.3 ग्रॅम भरते, हीच तिची स्थूल घनता. मातीच्या कणांची घनता 2.65 धरली तर पोकळ्या 51 टक्के होतात. थोडी हवा आत अडकून राहते असे मानून प्रत्यक्षात भरणारे पाणी 46 टक्के धरले, तरी दर मीटर खोलीला 80 मिलिमीटर पाणी तक्त्याने हिशेबाबाहेर ठेवले.

याहून गंभीर गफलत वक्राच्या मधल्या भागात आहे. तक्त्यातल्या चिकण मातीत 330 सेंटिमीटर ताणावर 34.7 टक्के पाणी उरते आणि 15,000 सेंटिमीटरवर 27.1 टक्के. म्हणजे एक मीटर मातीत पिकाला मिळण्याजोगे पाणी अवघे 76 मिलिमीटर. खोल काळ्या जमिनीत दर मीटरला याच्या दीडपट-दुप्पट ओल पिकाला मिळते. रब्बीची ज्वारी नाहीतर हरभरा एकाही पावसाशिवाय त्या साठलेल्या ओलीवर उभा राहतो, तो याच जोरावर. मॉडेलमधली जमीन इतकी उथळ भांडी घेऊन बसली, तर पावसाळ्यात ती लवकर भरते आणि उरलेले पाणी खाली सांडते. कागदावर भूजलाचे पुनर्भरण फुगते आणि त्या आकड्यावर कोणी उपशाचे नियोजन केले तर विहिरी उन्हाळ्याच्या आधीच तळ दाखवतात. चूक गणिताची नसते, माती परक्या मुलखाची असते.

पोत एकच असला तरी माती एक नसते, याचे दुसरे उदाहरण कोकणात सापडते. जांभ्या दगडावरच्या लाल मातीतही चिकणकण भरपूर असू शकतात. पण तिथले खनिज मुख्यतः केओलिनाइट, जोडीला लोहाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. त्यांच्यामुळे कण घट्ट चिकटून बारीक रव्यासारखे गोळे होतात. दोन गोळ्यांमधून पाणी वाळूतून जावे तसे निघून जाते, गोळ्यांच्या आतले मात्र अडकून राहते. देशावरच्या काळीतले स्मेक्टाइट खनिज याच्या उलट वागते: पाणी मिळाले की फुगते, सुकले की आक्रसते. पोताच्या त्रिकोणात दोन्ही माती शेजारीशेजारी बसल्या तरी त्यांचे वक्र एकमेकांना ओळखसुद्धा दाखवणार नाहीत. उष्ण कटिबंधातल्या मातीचे प्राचल समशीतोष्ण प्रदेशातल्यांपेक्षा वेगळे असतात, हे हॉडनेट आणि तोमासेला यांनी 2002 मध्ये दोन्हींची तुलना करून दाखवले. त्यांचा तक्ता निदान आपल्या हवामानाच्या जवळ जातो.

तक्त्याच्या पुढची पायरी म्हणजे मातीच्या साध्या मोजमापांवरून प्राचलांचा अंदाज करणारी सूत्रे. त्यांत रोझेटा हे नाव सर्वांत परिचित आहे. मार्सेल शाप, फैके लाय आणि व्हॅन गेनुख्टेन यांनी 2001 मध्ये ते मांडले. जलधारणेसाठी त्यात 2,134 नमुने वापरले होते, संपृक्त जलवाहकतेसाठी 1,306. त्याचा मोठा गुण असा की जितकी माहिती द्यावी तितका अंदाज सुधारतो. नुसता पोताचा वर्ग दिला तरी ते उत्तर देते. वाळू, गाळ आणि चिकणकणांची टक्केवारी दिली तर अधिक चांगले. स्थूल घनता जोडली तर आणखी चांगले. 330 सेंटिमीटर आणि 15,000 सेंटिमीटर ताणावरची मोजलेली ओलही दिली तर उत्तर आपल्या मातीच्या खूप जवळ येते. काळ्या मातीसाठी हे शेवटचे दोन आकडे सोन्याच्या मोलाचे आहेत, कारण खनिजाचा सगळा स्वभाव त्यांत उतरलेला असतो. ते मिळवणेही अवघड नाही. माती परीक्षणाच्या अनेक प्रयोगशाळा ते मोजतात, आणि जुन्या मृदा सर्वेक्षणांच्या अहवालांतही ते सापडतात.

अशा अहवालांतून टक्केवारी उचलताना मात्र एक खाचखळगा आहे. रोझेटा अमेरिकन वर्गीकरण मानते आणि त्यात वाळू व गाळ यांची सीमा 0.05 मिलिमीटरवर आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ती 0.02 मिलिमीटरवर असते, आणि भारतातल्या अनेक जुन्या विश्लेषणांत हीच पद्धत वापरली आहे. 0.02 आणि 0.05 यांमधले कण एका पद्धतीत वाळू, दुसरीत गाळ. आकडे न तपासता तसेच चढवले तर त्याच मातीचा पोत कागदावर बदलतो. दुसरी गफलत ओलीच्या मापाची. प्रयोगशाळा ओल बहुधा वजनावर सांगते, मॉडेलला ती आकारमानावर हवी असते. समजा 100 घनसेंटिमीटरच्या पोलादी कड्यात घेतलेली माती ओली असताना 171 ग्रॅम भरली आणि 105 अंशांच्या भट्टीत चोवीस तास वाळवल्यावर 130 ग्रॅम. पाणी 41 ग्रॅम. वजनावर ओल साडेएकतीस टक्के, आकारमानावर 41 टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, पण मॉडेलच्या रकान्यात दुसराच जायला हवा.

शक्य असेल तिथे वक्र मोजणेच उत्तम. नमुना असा कड्यातून अख्खा काढलेला हवा. कुटून चाळलेल्या मातीत तिची घडण मोडते आणि वक्राचा ओलीकडचा भाग निरुपयोगी होतो. काळ्या मातीत नमुना काढायची वेळही साधावी लागते. उन्हाळ्यात ती दगडासारखी असते आणि कडे ठोकताना फुटते, भर पावसात ती लोण्यासारखी दबते. वाफशावर काढलेला नमुना त्यातल्या त्यात विश्वासू. प्रयोगशाळेत तो भिजवत ठेवला की फुगून कड्याच्या वर येतो, सुकवला की आक्रसून कड्यापासून सुटतो. अशा वेळी ओल कोणत्या आकारमानावर काढली हे लिहून ठेवले नाही तर पुढचा सगळा हिशेब डळमळतो. ठरलेला हवेचा दाब देऊन सच्छिद्र चकतीतून पाणी बाहेर ढकलण्याची रीत जुनी आणि सर्वत्र रुळलेली आहे, पण 15,000 सेंटिमीटरच्या टप्प्यावर चिकण माती आठवडेच्या आठवडे घेते आणि घाईत काढलेला आकडा खऱ्यापेक्षा ओला निघतो. कोरड्या टोकासाठी दवबिंदूवर चालणारी यंत्रे अधिक भरवशाची आहेत.

मोजलेला वक्रसुद्धा अर्धीच गोष्ट सांगतो. प्रयोगशाळेत माती भिजवून मग सुकवतात, शेतात पाऊस पडताना नेमके उलटे घडते. एकाच ताणावर सुकत असलेल्या मातीत पाणी जास्त असते, भिजत असलेल्या मातीत कमी. पोकळीचे पोट मोठे आणि तोंड अरुंद असले की रिकामे व्हायला तोंडाचा आकार आडवा येतो आणि भरायला पोटाचा, शाईच्या दौतीसारखे. ढोबळमानाने भिजतानाचा अल्फा सुकतानाच्या दुप्पट धरण्याचा प्रघात आहे. दीर्घ मुदतीच्या पुनर्भरणाच्या हिशेबात याकडे दुर्लक्ष केले तर फारसे बिघडत नाही. ठिबकच्या एका पाळीचे पाणी कुठवर गेले हे पाहायचे असेल तर बिघडते.

पाचव्या आकड्याविषयी सर्वांत जास्त सावध राहायला हवे. संपृक्त जलवाहकता एकाच शेतात दहापट बदलू शकते. गांडुळाचे एक बीळ किंवा कुजलेल्या मुळाची पोकळी नमुन्यात आली की आकडा उड्या मारतो. म्हणून चार-दोन मोजमापांची साधी सरासरी घेऊ नये, लॉगॅरिथमवर घ्यावी. शिवाय एन 1 च्या जवळ असलेल्या मातीत व्हॅन गेनुख्टेन-मुआलेम जोडीला एक जन्मजात खोड आहे. तक्त्यातल्या चिकण मातीवर केवळ 2 सेंटिमीटर ताण आला की सूत्राप्रमाणे तिची जलवाहकता नव्वद टक्क्यांनी घटते. खऱ्या मातीत सगळ्या सूक्ष्म पोकळ्या भरलेल्या असताना एवढ्याशा ताणाने असे काही होत नाही. याच कारणाने अनेकदा संगणक अडखळतो, उत्तरच निघत नाही, आणि दोष मॉडेलच्या जाळीला किंवा काळाच्या टप्प्याला दिला जातो. फोखेल, व्हॅन गेनुख्टेन आणि सिस्लेरोवा यांनी 2001 मध्ये त्यावर उपाय सुचवला: पहिल्या 2 सेंटिमीटर ताणापर्यंत माती संपृक्तच मानायची. हायड्रसमध्ये ती सोय एका खुणेवर मिळते आणि काळ्या मातीसाठी ती निवडावीच.

पण काळ्या मातीची खरी अडचण भेगांची आहे. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जूनमधला पहिला जोराचा पाऊस मातीच्या ढेकळांना नीट भिजवतही नाही, भेगांतून सरळ खोलवर जातो. बाजूची माती कोरडी, तळात पाणी. काही पाऊस झाल्यावर माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन पाणी वर तुंबवून धरते. एका वक्रात आणि एका जलवाहकतेत हे दोन स्वभाव मावत नाहीत, अल्फा-एन कितीही फिरवले तरी मावणार नाहीत. यासाठी दोन वाटांचे मॉडेल असते, ढेकळांची एक आणि भेगांची दुसरी. गेर्के आणि व्हॅन गेनुख्टेन यांनी 1993 मध्ये त्याची मांडणी केली. त्यात प्राचलांची संख्या जवळपास दुप्पट होते आणि त्यांतले बरेच थेट मोजता येत नाहीत. म्हणून निवड प्रश्नावर सोपवावी. रब्बी पिकाच्या ओलीचा हिशेब सप्टेंबरअखेरच्या भिजलेल्या, मिटलेल्या जमिनीपासून सुरू होतो, तिथे एकच वाट पुरते. खरिपाच्या सुरुवातीला टाकलेले नत्र विहिरीत उतरेल का, हा प्रश्न असेल तर भेगा सोडून केलेले गणित दिशाभूल करेल.

एककाची चूक फार साधी आणि फार घातक असते. पोयट्याच्या जमिनीचा अल्फा दर सेंटिमीटरला 0.036, म्हणजे दर मीटरला 3.6, दर किलोपास्कलला सुमारे 0.37. मॉडेल मीटरमध्ये चालू असताना 0.036 तसाच भरला, तर मोठ्या पोकळ्या 28 सेंटिमीटरऐवजी 28 मीटर ताणावर रिकाम्या होऊ लागतात. मॉडेल कुरकुर न करता चालते आणि कधीच न सुकणारी जमीन दाखवते. दुसऱ्या कुणाच्या शोधनिबंधातून प्राचल घेताना सूत्र कोणते, एन आणि त्याच्या जोडीचा एम हा घातांक बांधलेले की सुटे, हेही पाहावे लागते. एका वक्रातला अल्फा आणि दुसऱ्यातला एन अशी सरमिसळ तर कधीच करू नये. हे आकडे एका कुटुंबातले असतात, एकत्रच येतात आणि एकत्रच जातात.

मातीत ओलीचे संवेदक किंवा टेन्सिओमीटर बसवलेले असतील तर शेतातल्या नोंदींशी जुळेपर्यंत प्राचल फिरवून पाहता येतात. त्यात मोह असा की पाचही आकडे संगणकाच्या हाती सोपवावेत. तसे केल्यास वेगवेगळे कितीतरी संच सारखेच चांगले जुळतात, कारण अल्फातला बदल जलवाहकता बदलून भरून काढता येतो आणि तेच उत्तर मिळू शकते. भिजलेल्या मातीतली ओल स्थूल घनतेवरून पक्की करावी, उर्वरित ओल आणि एन यांना प्रयोगशाळेतल्या दोन बिंदूंनी बांधून ठेवावे, आणि मग अल्फा व जलवाहकता या दोनच आकड्यांना मोकळीक द्यावी. नोंदी नुसत्या पावसाळ्याच्या असतील तर कोरड्या टोकाविषयी त्या काहीच सांगत नाहीत. निदान एक पूर्ण वर्ष, पहिल्या पावसापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचे, हवे.

इतके करूनही एकच संच खरा म्हणून मांडू नये. मोजमापांतली तफावत घेऊन शंभर-दोनशे संच बनवावेत, प्रत्येकाने मॉडेल चालवावे आणि पुनर्भरणाचा एक आकडा न देता त्याची वरची-खालची मर्यादा द्यावी. दख्खनच्या पाणलोटात वरच्या आणि खालच्या मर्यादेतले अंतर एखाद्या गावाच्या उन्हाळी पाण्याइतके असू शकते. अहवालात त्या मर्यादेशेजारीच प्रत्येक थराचे प्राचल, त्यांची एकके, नमुना कोणत्या महिन्यात आणि किती ओलीवर काढला, वक्र भिजतानाचा की सुकतानाचा, हे लिहिलेले असावे. मग पुढच्या वर्षी त्याच रानात दुसरा कोणी उतरला तर त्याला तक्त्यापासून सुरुवात करावी लागत नाही.